टकल्याचं अंगण

९ जुलै, सोमवार

नाही गेले.

बॅग खाटेखाली तशीच आहे. कपड्यांचे तीन जोड, बायबल, रिबकाचं पत्र. फेरीवाल्या यान्सची बोट सकाळी बेटाच्या टोकापलीकडे आली असेल, थांबली असेल, गेली असेल. मी इथे चुलीपाशी बसून केळी भाजतेय.

काल दुपारी एलिफास मागच्या पायरीवर येऊन बसला. मला वाटलं, सुपारी मागेल. म्हणाला, "ओर्पा, मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"काहीच. उजेड कळतो. बाकी धुकं. फेब्रुवारीपासून."

नऊ वर्षांच्या संसारात या माणसानं मला सलग एवढी वाक्यं ऐकवली नव्हती. आणि दिवस कोणता निवडला तर मी पळून जायच्या आदल्या दिवशीचा!

१० जुलै

कुणाला सांगायचं नाही म्हणतो. आईलासुद्धा नाही. आंधळ्या गाईडच्या मागे जंगलात कोण येईल? गळ्यातला बिल्ला काढून घेतील. वाइसाईच्या दवाखान्याचं नाव काढलं तर उठूनच गेला — आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटला. "आमच्या घरात असंच होतं. बापाचंही झालं. डॉक्टर काय नवीन सांगणार?"

डोळे जवळून बघितले. काळ्याच्या मधोमध नारळाच्या दुधाचा थेंब पडावा तसं काहीतरी. फेब्रुवारीपासून! आणि मी त्याच घरात राहते. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही हे माझं जुनं रडगाणं. मी तरी कुठे बघत होते?

१२ जुलै

आज पहिल्यांदा त्याच्याबरोबर वर गेले. टकल्याच्या जागेवर.

पक्षी बघायला येणारे पाहुणे त्याला स्वर्गपक्षी म्हणतात, आम्ही टकल्या. नऊ वर्षं एलिफास रोज पहाटे त्याच्याकडे जातो. मला कधी ने म्हटलं तर, "बायका बोलतात. पक्षी उडतो." आता मात्र बाई हवी!

मी पुढे, तो मागे. माझ्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरून चालला. पायांना सगळी वाट पाठ आहे त्याच्या. ओढा कुठे, निसरडा दगड कुठे, मला तोच सांगत होता. मग झावळ्यांच्या आडोशात मांडी घालून बसलो. हलायचं नाही. खोकायचं नाही. डास मारायचा नाही. समोर एक भोक, तेवढंच जग. दोन तास! खाली उतरले तेव्हा गुडघे उघडेनात.

मी सोरोंगला, शहरात, बालवाडीत मुलांना गाणी शिकवणार होते. रिबकानं — माझ्या धाकट्या बहिणीनं — जागा धरून ठेवली आहे. आणि मी कुठे येऊन बसले!

१३ जुलै

"लाल आहे," मी कुजबुजले.

"कसला लाल?"

"लाल म्हणजे लाल!"

"मिरचीचा? रक्ताचा? सुपारीच्या थुंकीचा?"

वैताग! पण मग नीट बघितलं. "मिरचीचा. पावसात भिजलेल्या मिरचीचा. फक्त पाठ. मानेवर पिवळा, गुडघे मिटून बसलेल्या माणसानं खांद्यावर शाल टाकावी तसा."

तोंड उघडं राहिलं त्याचं, पापेदाची, सागूच्या पेजेची, वाटी समोर आल्यासारखं.

१९ जुलै

वारा सुटलाय दक्षिणेचा. समुद्र फेसाळ, एकही बोट नाही. आता जायचं म्हटलं तरी नाही जाता येणार.

गावात चेष्टा सुरू झाली. विहिरीवर बायका, "ओर्पा, या वयात प्रेम उतू चाललंय का गं? रोज नवऱ्याबरोबर जंगलात!" मी हसले. काय करू?

सासू चेष्टा करत नाही. ती सरळ मारते. "जंगलात जाऊन तरी काही होतंय का बघ." नऊ वर्षं हेच. मूल नाही म्हणजे बाई घरात पाहुणी. माझं नावही पुरतं तिला. "ओर्पा! सासूला पाठ दाखवून निघून गेली तीच ना ती? तुझ्या आईला बायबलात दुसरं नाव नाही सापडलं?"

२२ जुलै, रविवार

चर्चमध्ये त्याच्या मांडीवर पुस्तक उघडून ठेवलं. पान उलटायची वेळ आली की कोपरानं ढोसते. पाद्रीबुवा म्हणाले, एलिफास, आज फार मन लावून वाचत होतास.

२६ जुलै

वारा असूनही दोन पाहुणे आले. नवराबायको, उंच, सोलवटलेल्या नाकांचे. आम्ही खूण ठरवली होती. त्याच्या गुडघ्यावर एक टिचकी, आला. बोट डावीकडे ओढलं, डावं खोड. पंजा पसरला, छाती फुलवली. आणि तो त्यांना ऐटीत सांगत होता, "डावीकडे बघा. आता छाती फुलवेल." बाई तर रडलीच. माझ्याकडे कोण बघतंय? मी गाईडची बायको, पाण्याच्या बाटल्या उचलणारी.

उतरताना एलिफास गुणगुणत होता. मला संताप आला. एवढा की पिशवीचा पट्टा खांद्यावरून काढून टाकावा आणि चालू लागावं, राहू दे त्याला ओढ्यात उभा.

नाही काढला.

३ ऑगस्ट, शुक्रवार

टकल्याचं आज सगळं सांगून झालं. लिहून ठेवते.

मुठीएवढा पक्षी. डोक्यावर पीस नाही, नुसती कातडी. निळी. एलिफासनं विचारलं, "आपल्या बोटीचा निळा?" नाही. जेट्टीच्या पुढे पाणी एकदम खोल होतं ना, तिथला निळा. त्यावर काळ्या बारीक रेघा, कुणी टाके घालून कवटी शिवल्यासारख्या. जंगलात अजून अंधूक असताना आधी डोकंच दिसतं. मग पिवळी शाल, मग लाल पाठ. पाय जांभळट निळे. शेपटीला दोनच पिसं लांब, बाहेर वळलेली — मिशीला पीळ द्यावा तशी, पण उलट्या बाजूला. छाती नुसती बघितली तर काळी. मादी वर येऊन बसली की तो उभ्या खोडाला चिकटतो, मान वर करतो आणि तीच छाती ताटलीसारखी पसरते. हिरवी! ओल्या बाटलीवर ऊन पडावं तशी. तोंड उघडलं तर आतही पोपटी.

"मी वीस वर्षं बघतोय," एलिफास म्हणाला, "तोंडाच्या आतलं कधी ध्यानात नाही आलं."

मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

८ ऑगस्ट

हा पक्षी दिवसभर काय करतो? झाडतो! चार हात जागा आहे, तेवढं त्याचं अंगण. एक पान पडलं की चोचीत धरून बाहेर. कोवळ्या रोपांची पानंसुद्धा तोडून टाकतो, वरून उजेड यावा म्हणून. मग खोडावर बसून ओरडतो. मग पुन्हा पान. जागा सोडून कुठे जात नाही. गेला तर दुसरा घेईल.

ती येते — तपकिरी, साधी, पोटावर पट्टे. वरून बघते. नाही पटलं, उडाली. सजलेला तो आहे आणि अडकलेलाही तोच.

मी एलिफासला म्हटलं, "तुझ्या टकल्यात आणि माझ्यात फरक काय? झाड, झाड, झाड."

त्यानं माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "तुला कंटाळा येतो का इथे?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं. उत्तर देणार तेवढ्यात टकल्या आला, मी टिचकी मारली.

१७ ऑगस्ट

रिबकाचा फोन. रेंज जेट्टीच्या शेवटच्या फळीवर, आणि तिथेच सगळा गाव गळ टाकून बसलेला. "ताई, कधी येतेस? जानेवारीपर्यंतच थांबतील शाळावाले." मी म्हटलं, "हो, मासळी बरी आहे. आई बऱ्या आहेत." "ताई, कुणी आहे का शेजारी?" "हो हो, सगळे बरे आहेत."

२४ ऑगस्ट

वारा दोन दिवस पडला. यान्सची बोट आली. बादल्या, चपला, मच्छरदाण्या. सगळ्या बायका जेट्टीवर. मी घरातच बसले, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं.

खिडकीच्या फटीतून बघितलं. बादल्या विकून झाल्यावरही बोट हलली नाही.

२८ ऑगस्ट

टकल्या आला नाही. दोन तास बसलो.

२९ ऑगस्ट

आला नाही. अंगणात नऊ पानं. मी मोजली.

एलिफास म्हणाला, "पिसं गाळत असेल. गाळताना गप्प असतात." मग माझ्या हातावर हात ठेवून, "पण आला का? नुसता आला तरी सांग."

मी टिचकी मारली.

का मारली? का मारली मी!

३० ऑगस्ट

दुपारी सरपणाच्या नावानं एकटी वर गेले. डाव्या खोडाच्या बुंध्याशी तंगूसचा, मासेमारीच्या दोऱ्याचा फास. तुटलेला. शेजारी तीन पिसं, दोन लाल, एक पिवळं.

फास पिशवीत — नाही, लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय.

यान्सला ती जागा मी दाखवली. जूनमध्ये. सगळ्या गावासमोर जेट्टीवरून जायची माझी हिंमत नव्हती, म्हणून त्याला म्हटलं, टोकापलीकडून घेशील का? तो म्हणाला घेतो. मग सुपारी चघळत, सहज, "तुझा नवरा तो टकल्या कुठे दाखवतो गं पाहुण्यांना?" सहज नव्हतं. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. मी ओढा सांगितला, वळण सांगितलं, फणसासारख्या सालीचं झाड सांगितलं. तेव्हा तो पक्षी म्हणजे माझी सवत होता. जाऊ दे म्हटलं, गेला तर गेला.

तेव्हा मी त्याला एकदाही बघितलं नव्हतं.

३१ ऑगस्ट

पिसं या वहीत ठेवली. लाल हे पिसाच्या टोकाला आहे फक्त. खाली राखाडी. हे आडोशातून दिसत नव्हतं.

१ सप्टेंबर, शनिवार

निघताना एलिफासची जुनी सवय. अंगणाच्या कडेला उकिडवा बसतो, तळवा जमिनीवर फिरवतो. "स्वच्छ आहे," म्हणतो आणि मग उठतो. पानं हाताला लागली असती तर कळलंच असतं. म्हणून आता दुपारी सरपणाला जाते आणि मी झाडते. हातानं, एकेक पान. केरसुणी फिरवली तर रेघा उठतील, त्याच्या बोटांना समजतील.

सकाळी परत आडोसा. टिचकी. डावीकडे. टिचकी.

"आज छाती नाही फुलवली?"

"नाही. मादी नव्हती."

"पाठ कशी आहे? पिसं गाळली?"

"विरळ झालीत थोडी."

समोर चार हात मोकळी माती. मी तिच्याकडे बघून एक पक्षी सांगत होते.

४ सप्टेंबर

वाइसाईहून निरोप. अठरा तारखेला तीन पाहुणे. लांबून येताहेत, फक्त टकल्यासाठी.

एलिफास खूश. मला जेवण गेलं नाही.

६ सप्टेंबर

झाडलं.

७ सप्टेंबर

झाडलं. पाऊस होता, पानं मातीला चिकटलेली. नखांनी उचलली.

९ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून आल्यावर सासू पायरीवर बसली होती, चुन्याची डबी मांडीवर. म्हणाली, "बस."

बसले.

"कधीपासून दिसत नाही त्याला?"

मी आत, दाराकडे बघितलं.

"मला काय खुळी समजता दोघं? पुस्तकाचं पान तू उलटतेस. रस्सा तू त्याच्या हाताशी सरकवतेस. त्याच्या बापालाही मीच हात धरून न्यायची. अठरा वर्षं. तो म्हणाला, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. माझी आई सालावातीला मेली, मला जाता आलं नाही, त्याला कुणाच्या भरवशावर सोडू? अठरा वर्षं, ओर्पा. कोपऱ्यात बसून असायचा. पांढरे डोळे घेऊन."

मग चुना लावला, सुपारी तोंडात टाकली आणि समुद्राकडे बघत बसली. मी तिच्याकडे बघत होते. हाताच्या शिरा, घोट्यावरची सूज, पाठ. अठरा वर्षांनंतरची मी.

१० सप्टेंबर

जेट्टीच्या फळीवर उभं राहून रिबकाला सगळं सांगितलं. कोण ऐकतंय, ऐकू दे. फक्त यान्सचं नाही सांगितलं. ती म्हणाली, "पांढरा थेंब? अगं, आमच्या शाळेच्या रखवालदाराला असाच होता. त्याला आता सुईत दोरा ओवता येतो! आण त्याला इकडे." मी म्हटलं, तो येणार नाही. ती म्हणाली, "मग तू ये. त्याच्यासाठी तू का कुजतेस?"

१४ सप्टेंबर

सांगितलं.

आडोशात. टिचकी मारायला हात उचलला आणि मारलीच नाही. "एलिफास, तो नाहीये. गेला."

"उडाला?"

"धरला कुणीतरी. सतरा दिवस झाले."

त्यानं समोरच्या मातीकडे तोंड केलं. मग म्हणाला, "पण अंगण?"

"मी झाडते."

"कशानं?"

"हातानं."

मी फास त्याच्या तळव्यावर ठेवला. त्यानं बोटांनी चाचपला. गाठीवर बोट आलं आणि थांबलं. परत फिरवलं. परत. चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ओरडेल. अगदी हळू म्हणाला, "यान्स."

"तुला कसं —"

"ही गाठ मीच शिकवली त्याला. बारा वर्षांपूर्वी, मी धरायचो तेव्हा. पक्षी जेवढा ओढेल तेवढी आवळते, पण पाय तुटत नाही. माझी गाठ आहे ही." जरा थांबून, "पण जागा त्याला कशी कळली? जागा मी कुणाला सांगितली नव्हती."

इथे गप्प बसता आलं असतं. त्यानं शोधलं नसतं. मी म्हटलं, "मी सांगितली."

"का?"

"त्यानं मला सोरोंगला न्यायचं कबूल केलं होतं."

"सोरोंगला कशाला?"

"राहायला. तुझ्यापासून लांब."

ओढ्याचा आवाज किती मोठा असतो! रोज कळत नाही.

तो उठला. पट्टा धरला नाही. झाडांना हात लावत, ठेचकाळत, एकटा खाली गेला. मी दहा पावलं मागून चालले. दोनदा पडला. दोन्ही वेळा मी थांबले. हात पुढे केला नाही. घेतला नसता त्यानं.

१५ सप्टेंबर

होड्यांच्या छपराखाली चटई टाकून बसलाय. बोलत नाही. मी ताट ठेवते, रिकामं उचलते. आज झाडायला गेले नाही.

१६ सप्टेंबर, रविवार

गप्प.

१७ सप्टेंबर

गप्प. उद्या पाहुणे. बॅग खाटेखालून काढली, झटकली, मुंग्या लागल्या होत्या. परत ठेवली. जायचं तरी कसं? बोट कुणाची?

१८ सप्टेंबर, मंगळवार

पाहुणे तिघं. एलिफास जेट्टीवर आधीच येऊन उभा! धुतलेला शर्ट, गळ्यात बिल्ला. सगळा गाव होता. मोठ्यानं म्हणाला, "मला दिसत नाही. सहा-सात महिने झाले. तुम्ही ज्याला बघायला आलात तोही नाही, त्याला धरून नेलंय. धरायची ती रीत माझीच होती. परत जायचं असेल तर जा. वर जायचं असेल तर माझी बायको नेईल. त्याच्याबद्दल माझ्याएवढं तिला माहीत आहे." बिल्ला काढून माझ्या हातात दिला. हात बरोबर माझ्यापर्यंत आला.

माझं नाव त्यानं घेतलं नाही. मी यान्सला सांगितलं हे फक्त आम्हा दोघांना.

पाहुण्यांपैकी एक म्हातारी बाई होती. ती म्हणाली, आलोय तर जाऊ. मी पुढे झाले. माझ्या पिशवीचा पट्टा मोकळा लोंबत होता.

आडोशात चौघं दाटीवाटीनं. अंगणात चार दिवसांची पानं. तास झाला. मग खोडावर एक पक्षी. तपकिरी. पोटावर पट्टे, डोक्यावर फिकट निळं. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं, मादी! एकानं कॅमेरा मिटला.

मीही मादीच म्हटलं. मग तो जमिनीवर उतरला. एक पान चोचीत धरलं. ओढलं. पान मोठं होतं, तोच मागे कोलमडला! उठला, परत धरलं, कडेला नेऊन टाकलं. मग दुसरं.

मादी झाडत नाही. इतके दिवस सकाळी बसलेय मी इथे, मादीनं कधी पान उचललं नाही. या जंगलात झाडणं हे बाप्याचं काम!

"तरणा आहे," मी पाहुण्यांना सांगितलं. "नर. रंग यायचाय अजून. जागा रिकामी बघून आलाय." म्हातारी बाई माझा दंड घट्ट धरून बघत राहिली. बावीस पानं टाकली त्यानं.

खाली आल्यावर सरळ होड्यांच्या छपराकडे गेले. "एलिफास, एक आलाय."

मी चटईपाशी गेले.

"तपकिरी आहे. पण झाडतोय."

मान वर झाली. "पान उचललं? तू बघितलंस?"

"उचललं. कडेला टाकलं. बावीस."

"डोकं?"

"निळं, पण धुऊन विटलेल्या कापडासारखं."

"पाठ?"

"तपकिरी. लाल कुठे नाही."

"चार वर्षं लागतील," तो म्हणाला. "पाचसुद्धा." आणि मग चार दिवसांत पहिल्यांदा हात पुढे केला. उठवायला. मी धरला. माफ केलं का, ते विचारलं नाही. मी तरी त्याला कुठे केलंय?

२३ सप्टेंबर, रविवार

सासूनं आज जेवताना ताट बाजूला सारलं. "सोरोंगला जा. डोळे दाखव."

"आई, बाबांचं —"

"तुझा बाप गेला नाही. म्हणून माझी अठरा वर्षं गेली. त्याचे डोळे बरे झाले असते की नाही मला माहीत नाही, कारण त्यानं कुणाला बघूच दिले नाहीत. तू हिचीही वर्षं घेणार आहेस का? सांग, हिच्या तोंडावर सांग!"

तो माझ्या दिशेला वळला.

जी नऊ वर्षं मला घालूनपाडून बोलली, तिच्या बाजूला बसून मी आज पोटभर जेवले.

२ ऑक्टोबर

वारा पडला. पाद्रीबुवा मंडळीच्या बैठकीला सोरोंगला निघालेत, त्यांच्याबरोबर एलिफास गेला. तिकडे रिबका उतरवून घेईल. मी जाणार होते, पण पाच तारखेला पाहुणे आहेत आणि बिल्ला माझ्या गळ्यात.

कुठलीच बॅग मिळेना त्याच्यासाठी. शेवटी माझीच दिली. त्यानं चाचपली, आत हात घातला. "ओर्पा, यात तुझे कपडे आहेत."

"काढून ठेव."

एकेक काढून माझ्या हातात दिले. बायबलही. पत्रही.

बोट गेली. मला वाटलं होतं, बोट सुटेल तेव्हा तीवर मी असेन आणि जेट्टीवर तो.

५ ऑक्टोबर

चार पाहुणे. एकटीनं नेलं. तपकिरी आला, सोळा पानं. खोडावर बसून ओरडायला गेला तर आवाज फाटला. सगळे हसले, मीही. आडोशात हसले!

८ ऑक्टोबर

आज पाहुणे नव्हते. तरी गेले.

११ ऑक्टोबर, गुरुवार

रिबकाचा फोन. मोतीबिंदू. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं सोमवारी. भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं म्हणे त्यानं. मग एलिफास स्वतः बोलला, "परत आलो की तुझं इथे अडणार नाही. तुला जायचं तर जा. मी जेट्टीवरून सोडेन, सगळ्यांसमोर." म्हणजे मी मोकळी.

मी रिबकाला परत द्यायला सांगितला फोन. म्हटलं, बालवाडीतली जागा दुसऱ्या कुणाला दे. ती ओरडली. ओरडू दे. त्याच्यासाठी नाही थांबत, हे तिला नंतर कधीतरी सांगेन.

सकाळी तपकिरीच्या पाठीवर एक लाल पीस. मानेखाली, डावीकडे, नखाएवढं. अजून कुणी बघितलेलं नाही.